परिषदेत ग्राफ वाचून दाखवायचा कसा

शोधनिबंध वाचताना माणूस अडला की दोन पानं मागे जातो. सभागृहात बसलेल्याला ती सोय नसते. वक्ता पुढच्या स्लाइडवर गेला की मागचं गेलं ते गेलंच. शास्त्रीय प्रेझेंटेशनमधल्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात. निबंधातलाच ग्राफ, त्याच बारीक अक्षरांसकट, आपण उचलून स्लाइडवर ठेवतो आणि "हे आमचे निकाल" म्हणून पुढे सरकतो. मग ऐकणारा अक्ष कुठला ते शोधत बसतो आणि तोवर वक्ता निष्कर्षापर्यंत पोचलेला असतो.

आधी वेळेचा हिशेब. अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मोठ्या परिषदेत साध्या टॉकला १० मिनिटं आणि प्रश्नांना २ मिनिटं मिळतात. बऱ्याच परिषदांत १२ अधिक ३ अशी विभागणी असते. बारा मिनिटं धरली तर वाटणी अशी करावी: प्रश्न काय आहे आणि तो का सोडवायचा, याला दोन मिनिटं. पद्धतीला दीड. निकालांना सहा, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटांचे तीन ग्राफ. मर्यादा आणि निष्कर्षाला दीड. उरलेलं एक मिनिट मोकळं ठेवायचं, कारण केबल लागत नाही, माइक खरखरतो, अध्यक्ष ओळख लांबवतात. तीन ग्राफ कमी वाटतात, पण नऊ ग्राफ दाखवले तर त्यातला एकही धड कळत नाही. "रूपरेषा" नावाची स्लाइड बारा मिनिटांच्या टॉकमध्ये नकोच. "आधी प्रस्तावना, मग पद्धत, मग निकाल" हे सांगण्यात अर्धं मिनिट जातं आणि त्यातून कोणालाच नवीन काही मिळत नाही. पूर्वसंशोधनाचा आढावाही दोन-तीन वाक्यांत आटपावा: आजवर काय माहीत आहे, आणि नेमकं काय माहीत नाही.

पॉवरपॉइंट उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. त्यात क्रियापद हवं आणि जमलं तर आकडा हवा. "क्षारतेचा हरभऱ्यावरील परिणाम" हा विषय झाला. "क्षारता अमुक पटीने वाढली की हरभऱ्याची उगवण तमुक टक्क्यांनी घटते" हा दावा झाला. जी स्लाइड या वाक्याला आधार देत नाही ती काढून टाकायची, मग त्या प्रयोगात तुमचे सहा महिने का गेलेले असेनात. हे जड जातं, पण श्रोत्यांना कष्टांचा पुरावा नको असतो, दाव्याचा हवा असतो.

प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकालाही हाच नियम. वर "निकाल १" असं न लिहिता तो निकाल जे सांगतो ते पूर्ण वाक्यात, दोन ओळींच्या आत लिहा. मात्र शीर्षकातला दावा आणि खालचा पुरावा एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. ते जुळले नाहीत तर काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण शास्त्रीय सादरीकरण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं आणि सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून स्लाइड्स तयार केल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं: चाचण्यांची माहिती पाहता यानाच्या उष्णतारोधक टाइलला छिद्र पडण्याचा अंदाज सावध बाजूचाच आहे, अशा अर्थाचं. त्याखाली एकात एक अशा उपमुद्द्यांची उतरंड होती. आणि सगळ्यात तळाशी, सगळ्यात लहान अक्षरांत, खरी गोष्ट होती: आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १,९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच. म्हणजे ६४० पट फरक. चाचण्यांवरून या आघाताबद्दल काही सांगणंच कठीण होतं, हे त्या स्लाइडचं शीर्षक व्हायला हवं होतं. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं; कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात ही स्लाइड छापलेली आहे आणि तांत्रिक अहवालांची जागा स्लाइड्सनी घेण्यावर स्पष्ट टीका आहे. दुर्घटना एका स्लाइडमुळे झाली, असं कोणीच म्हणत नाही. पण निर्णय घेणाऱ्यांना जो आकडा आधी दिसायला हवा होता तो सर्वांत शेवटी दिसला, हे खरं आहे. उपमुद्द्यांच्या आत उपमुद्दे घालू नयेत, त्याचं कारण हे.

आता ग्राफ. ग्राफ पडद्यावर आला की आधी आडवा अक्ष, मग उभा अक्ष एककासह, मग एक ठिपका म्हणजे काय, मग एकूण कल आणि सगळ्यात शेवटी दावा, हा क्रम सोडू नका. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा प्रसिद्ध ग्राफ घ्या. तो असा बोलावा: "आडव्या अक्षावर वर्षं आहेत, १९५८ पासून. उभ्या अक्षावर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे किती रेणू. हा अक्ष शून्यापासून नाही, ३१० पासून सुरू होतो. प्रत्येक ठिपका ही एका महिन्याची सरासरी. रेघ दर वर्षी मे महिन्यात वर जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली येते, कारण उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात वाढताना हा वायू शोषून घेतात. आता हा हेलकावा बाजूला ठेवा आणि मधला चढ पाहा. १९५९ ची सरासरी सुमारे ३१६, २०२३ ची सुमारे ४२१." याला पाऊण मिनिट लागतं. दोन मिनिटांतलं पाऊण मिनिट अक्षांवर आणि ठिपक्यांवर घालवणं वक्त्याला वेळेचा अपव्यय वाटतो, कारण तो ग्राफ त्याने शेकडो वेळा पाहिलेला असतो. समोरचे मात्र पहिल्यांदाच पाहत असतात.

अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर ते आपणहून सांगावं. लॉगरिदमिक असेल तर "इथे प्रत्येक घर दहा पट आहे" एवढं वाक्य पुरतं. एरर बार, म्हणजे ठिपक्यावरच्या अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघा, काय आहेत हे तर सांगितलंच पाहिजे: प्रमाणित विचलन, प्रमाणित त्रुटी, की ९५ टक्के विश्वास-अंतराल. प्रमाणित त्रुटी म्हणजे विचलन भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ. नमुने २५ असतील तर तोच बार पाच पट आखूड दिसतो. ऐकणाऱ्याने कोणता बार समजायचा यावर त्याचं सगळं मत ठरतं.

अक्षरं बारीक पडतात ती बहुतेक वेळा ग्राफ काढतानाच लहान ठेवल्यामुळे. मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढणाऱ्या प्रणालीत काही न बदलता येणारी आकृती ६.४ इंच रुंद आणि अक्षरं १० पॉइंटची असतात. ती स्लाइडवर ९.६ इंच रुंद केली तर अक्षरं १५ पॉइंटची होतात, आणि मागच्या रांगेला तेवढी पुरत नाहीत. आकृती ६ इंच रुंद, अक्षरं १६ पॉइंटची आणि रेघ किमान अडीच पॉइंटची ठेवा. मग ती स्लाइडवर ९ इंच रुंद केली की अक्षरं २४ पॉइंटची होतात. तपासायची रीत सोपी आहे. मागची रांग पडद्याच्या उंचीच्या सहा ते आठ पट लांब असते, असं धरून चालायचं. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची सुमारे १९ सेंटिमीटर. म्हणजे स्लाइड पूर्ण पडदाभर उघडून दीड मीटर मागे उभं राहायचं. जे वाचता येत नाही ते मोठं करायचं किंवा काढायचं.

मराठीतून बोलणार असाल, मराठी विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात किंवा शाळा-कॉलेजात, तर अक्षरं आणखी मोठी हवीत. २४ पॉइंटला उकार, रफार आणि जोडाक्षरं लांबून एकमेकांत मिसळतात; २८ च्या खाली जाऊ नये आणि ओळींमधलं अंतर सव्वापट ठेवावं. फॉन्ट युनिकोडच हवा: मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असा कोणताही. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आयोजकांच्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. म्हणून सोबत पीडीएफ न्यावीच. ग्राफ काढणाऱ्या काही प्रणालींत देवनागरी अक्षांची नावं लिहिली की वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरं फुटतात. अशा वेळी ग्राफ नावांशिवाय जतन करून नावं स्लाइडवरच टाइप करावीत.

रंगांबद्दल थोडक्यात. लाल-हिरवी जोडी टाळा. निळा आणि नारिंगी चालतात. कोपऱ्यात खुणांची चौकट देण्यापेक्षा प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिचं नाव लिहा, नजर फिरवावी लागत नाही. नकाशांसाठी इंद्रधनुषी रंगपट्टी वापरू नये. तिच्यातला पिवळा पट्टा उगाच उजळ दिसतो आणि माहितीत नसलेली कडा डोळ्यांना भासते. याच कारणाने मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये जुनी पट्टी सोडून व्हिरिडिस ही आपोआप येणारी पट्टी केली. लेझरचा ठिपका ऑनलाइन बसलेल्यांना दिसत नाही आणि घाबरलेल्या हाताची थरथर सगळ्यांना दाखवतो. दाखवायची जागा ठरलेली असेल तर स्लाइडवरच बाण ठेवा.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करायचा. मनातल्या मनात वाचलेला टॉक नेहमी लवकर संपतो. सरावात अकरा मिनिटं झाली पाहिजेत. चौथ्या आणि आठव्या मिनिटाला कोणती स्लाइड असायला हवी ते टिपून ठेवा, आणि मागे पडलात तर कोणता ग्राफ वगळायचा तेही आधीच ठरवा. मागे पडल्यावर वेग वाढवणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. निष्कर्षच तेवढा घाईत जातो. पहिली तीन वाक्यं मात्र पाठ असावीत, कारण आवाज तिथेच अडखळतो.

शेवटच्या स्लाइडवर भलंमोठं "धन्यवाद" लिहू नका, ते तोंडाने म्हणा. पडद्यावर मुख्य ग्राफ आणि दाव्याचं वाक्य राहू द्या, म्हणजे प्रश्न त्याच्याकडे पाहून येतात. प्रश्न पूर्ण ऐकून घ्या, तो मोठ्याने पुन्हा सांगा, कारण मागच्या रांगेला बहुधा ऐकू आलेला नसतो. उत्तराची सुरुवात हो, नाही किंवा आकड्याने करा, कारणं नंतर. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगून कोणत्या मोजणीने ते मिळेल ते सांगा. वगळलेले ग्राफ शेवटच्या स्लाइडनंतर ठेवा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून जवळ असू द्या: पॉवरपॉइंटमध्ये क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड उघडते, सगळ्या स्लाइड्स मागेपुढे करत बसावं लागत नाही.