घरच्या गेट-टुगेदरसाठी बिनदारूचा ट्रॉपिकल पंच: अननस, शहाळं, कोकम आणि भरपूर आलं

साखरपुडा असो नाहीतर डोहाळजेवण, दारात पाऊल ठेवलं की हातात जे लाल किंवा निळं गोडमिट्ट पाणी देतात ना, ते मला मनापासून आवडत नाही. अर्धा ग्लास पिऊन लोक खुर्चीखाली ठेवून देतात आणि पोरं त्यात बिस्किट बुडवून खेळतात. एवढी माणसं लांबून आलेली असतात, उन्हातून आलेली असतात, त्यांना पहिल्यांदा जे प्यायला देतो ते नीट असावं की नको? म्हणून आमच्या घरी मे महिन्यात सगळे जमले की प्यायचं काय ते माझ्याकडे असतं आणि मी पंच करते, बिनदारूचा, एकाच मोठ्या पातेल्यात, आजीपासून ते दुसरीतल्या भाच्यापर्यंत सगळ्यांसाठी तोच.

आता नेटवर मॉकटेलच्या रेसिप्या ढिगानं आहेत, पण बहुतेकांचा सार एवढाच असतो की दोन टेट्रापॅक ओता, वर स्प्राइट ओता, पुदिन्याचं पान ठेवा. तो पंच नाही होत, तो मिक्स ज्यूस होतो. फरक कुठे पडतो ते सांगते. रम पंचाचं खरं गाव कॅरिबियन बेटं, तिकडे बार्बाडोसला रम पंचाचं एक जुनं यमक आहे, त्याचा अर्थ असा की आंबट एक भाग, गोड दोन भाग, कडक तीन भाग, आणि पातळ चार भाग. आंबट म्हणजे लिंबू, गोड म्हणजे साखरेचं पाणी, कडक म्हणजे रम, पातळ म्हणजे पाणी किंवा फळांचा रस. वरून जायफळ किसायचं. किती सुटसुटीत हिशोब आहे बघा, कुणालाही पाठ होईल. पण आपल्याला रम नको आहे, म्हणजे त्या दहा भागांतले तीन भागच गेले, आणि लोक काय करतात तर त्या तीन भागांच्या जागी अजून ज्यूस घालतात. मग उरतं काय, सरबत.

रम तिथे नुसती नशेसाठी नसते. ती घशाला चटका देते, गोडाला तोडते, आणि माणूस घटाघटा न पिता घोट घोट पितो. ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला पाहिजे. माझ्या मते ते काम आल्याइतकं चांगलं दुसरं कुणी करत नाही, आणि आल्याच्या जोडीला कोकम आणि चिमूटभर मीठ. हे तीन असले की पंच भरल्यासारखा लागतो.

आलं भरपूर लागतं, संकोच करायचा नाही. पंचवीस माणसांना मी पाव किलो आलं घेते. सालं खरवडून, किसून किंवा मिक्सरला थोडं पाणी घालून फिरवून फडक्यातून घट्ट पिळायचं. आणि मग तो रस लगेच वापरायचा नाही! काचेच्या ग्लासात अर्धा तास नुसता ठेवायचा. खाली पांढरा घट्ट साका बसतो, तो आल्यातला स्टार्च असतो, वर पिवळसर स्वच्छ रस येतो. वरचाच रस हलक्या हाताने ओतून घ्यायचा आणि साका टाकून द्यायचा. साका पंचात गेला तर तो पिठूळ लागतो आणि तळाशी पांढरं काहीतरी जमतं. आल्याच्या वड्या करणाऱ्या बायकांना हे बरोबर माहीत असतं.

कोकमाचं म्हणाल तर मे महिना म्हणजे रातांब्यांचाच. ताज्या रातांब्याच्या साली साखरेत थर देऊन बरणीत घालून ठेवल्या की जो पाक सुटतो तो अमृत कोकम, तोच मी वापरते, कारण त्यात आंबट आणि गोड दोन्ही एका दमात येतं आणि रंग तर काय विचारता, एकदम गडद माणकासारखा. बाटलीतला विकतचा घेतलात तरी चालेल, फक्त मागचं लेबल वाचा, वेगळा रंग घातलेला नको. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालू नका हं, आगळात मीठ खूप असतं, ते सोलकढीसाठी ठेवा. आणि एक, पंच पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात अजिबात करायचा नाही, कितीही सुंदर दिसत असलं तरी. कोकम, लिंबू, अननस तिन्ही आंबट, कल्हई नसलेल्या भांड्यात कळकतात. स्टीलचं पातेलं नाहीतर काचेचं मोठं भांडं, बास.

अननस निवडताना बुडाशी नाक लावून वास घ्यायचा. बुडाशी गोड वास आणि जरा पिवळेपणा असेल तरच घ्यायचा, कारण झाडावरून काढल्यावर अननस अजून गोड होत नाही, घरी ठेवून नुसता मऊ पडतो. आंब्यासारखी अढी घालून काही उपयोग नाही त्याला. पंचवीस जणांना मध्यम आकाराचे तीन लागतात, साधारण दीड लिटरच्या पुढे रस निघतो. मिक्सरमध्ये थोडा थोडाच वेळ फिरवायचा, जास्त फिरवला की फेसच फेस, आणि मग गाळायचा. मी अगदी पारदर्शक गाळत नाही, थोडा गर राहिलेला मला आवडतो.

आता ह्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अननसाची सालं आणि मधला कडक दांडा फेकून देऊ नका!! सालं आधी ब्रशने नीट घासून धुवून घ्यायची (फळ सोलायच्या आधीच धुतलं तर अजून चांगलं), मग दांड्याचे तुकडे, सालं, आल्याचा पिळून उरलेला चोथा, दालचिनीचा एक तुकडा, चार-पाच मिरी, आणि दीड लिटर पाणी, असं वीस मिनिटं मंद गॅसवर उकळायचं. घरभर असा वास सुटतो की बाहेर ओटीवर बसलेले पुरुष आत येऊन विचारतात आज काय आहे. गाळून गार केलं की लिटरभर फिकट सोनेरी पाणी मिळतं. यमकातल्या चार भाग पातळच्या जागी साधं पाणी घालण्यापेक्षा हे घाला. पातळ म्हणजे बेचव असायलाच पाहिजे असं कुठे आहे.

शहाळी सहा, पाणीवाली सांगून घ्यायची, मलईवाली नकोत. एक शहाळं पाव लिटरच्या वर पाणी देतं. ती आयत्या वेळी फोडायची. शहाळ्याचं पाणी तासंतास उघडं ठेवलं की त्याची चव उतरते, कधी कधी गुलाबीसर पण होतं. शहाळेवाला जवळ असेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी त्यालाच फोडून द्यायला सांगा, घरी कोयत्याने फोडायचा उद्योग पाहुणे दारात असताना नको.

मग सगळं एकत्र. अननसाचा रस, शहाळ्याचं पाणी, सालांचं पाणी, अर्धा लिटर अमृत कोकम, पंधरा लिंबांचा रस, आल्याचा रस आधी अर्धाच, आणि एक सपाट चमचा सैंधव. ढवळायचं आणि फ्रिजमध्ये चांगलं गार करायचं, आणि गार झाल्यावरच चव बघायची. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गार गोष्टीची गोडी जिभेला कमी लागते, खोलीच्या तापमानाला बरोबर वाटलेलं गार झाल्यावर फिकं लागतं. मग उरलेला आल्याचा रस थोडा थोडा घालत जायचं, गोड कमी वाटलं तर साखरेचं पाणी. घोट गिळल्यावर घशात एक क्षणभर ऊब राहिली पाहिजे. ती आली की थांबा. साधा सोडा दीड लिटर, तो मात्र अगदी वाढताना आणि तोही थंडगार, कोमट सोडा ओतला की सगळा गॅस तिथेच उडून जातो. गोड कोल्ड्रिंक सोड्याऐवजी नको, केलेला सगळा हिशोब बिघडतो.

बर्फाबद्दल जरा जास्त बोलते कारण पंच खराब होतो तो बहुतेक वेळा बर्फामुळे. ट्रेमधले छोटे खडे पातेल्यात टाकले की ते पंधरा-वीस मिनिटांत विरघळतात आणि दुसऱ्यांदा घ्यायला आलेल्याला पाणी मिळतं. मोठा एकच तुकडा करा, सावकाश वितळतो. आदल्या रात्री स्टीलच्या चौकोनी डब्यात शहाळ्याचं पाणी, अननसाच्या पातळ चकत्या, दोन-चार रातांब्याच्या फोडी घालून डीप फ्रीजरला ठेवायचं, सकाळी डबा नळाखाली धरला की लादी सुटते. ती पातेल्यात तरंगताना इतकी सुंदर दिसते, आत पिवळ्या चकत्या अडकलेल्या, आणि वितळली तरी पाणी नाही, शहाळंच मिसळतं. बाहेरून बर्फ आणायची वेळ आली तर निळसर बर्फ घेऊ नका. २०१८ पासून महाराष्ट्रात जो बर्फ खायचा नाही, नुसता गार ठेवायला आहे, त्याला निळा रंग घालायचा नियम आहे, त्यामुळे बघूनच कळतं.

वाढताना वर जायफळ किसायचं, अगदी किंचित. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, आणि इकडे आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाची झाडं असतात. तिकडचा पंच इकडे परका वाटत नाही तो ह्याच्यामुळे. नारळ, अननस, जायफळ, लिंबू, सगळं आपल्या परसात आहे, फक्त कोकम तेवढं आपलं जास्तीचं.

आजीने पहिला घोट घेतला की विचारणारच, "काय घातलंयस गं ह्यात, घशाला लागतंय."

"आलं आहे आजी, आणि मिरी."

"मग बरंय. अजून थोडं दे."

आता घरात सगळ्यांना एकच पंच म्हटलं तरी थोडी काळजी घ्यावी लागते. आमच्याकडे दोन काका आणि आत्या डायबेटिसवाले, त्यांना तुम्ही पिऊ नका असं तोंडावर सांगायचं मला आवडत नाही, म्हणून मी एक वेगळा जग भरते: बिनमिठाची आमसुलं तासभर भिजवून कुस्करलेलं पाणी, सालांचं पाणी, लिंबू, आलं, सोडा. अमृत कोकम नाही, अननसाचा रस नाही, साखर नाही. रंग जरा फिका पण ग्लासात बघताना तोच वाटतो, आणि त्यांना सगळ्यांबरोबर तसाच ग्लास हातात मिळतो, वर जायफळ पण. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांना मात्र शहाळ्याचं पाणी देऊ नका, त्यात पोटॅशियम बरंच असतं, हे आधी विचारून ठेवा. बीपीवाल्यांसाठी वेगळा जग भरलात तर त्यात मीठ टाकू नका.

पोरांना पिन्या कोलाडा पाहिजे असतो, कुठेतरी हॉटेलात प्यायलेले असतात. मूळचा तो पोर्टो रिकोचा, १९७८ मध्ये तिकडे त्याला राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर पण केलंय. रमशिवाय तो घरी फार सोपा आहे, अननसाचा रस आणि नारळाचं पहिलं दाट दूध, थोडी साखर, भरपूर बर्फ, मिक्सरला फिरवला की झाला. पण नारळाचं दूध मोठ्या पंचाच्या पातेल्यात घालू नका, लिंबू आणि सोड्यात ते फाटल्यासारखं दिसतं, वेगळाच करा आणि लगेच द्या. आणि घट्ट व्हावा म्हणून व्हॅनिला आइस्क्रीम घालणार असाल तर कच्च्या अननसाबरोबर तो थोड्या वेळाने कडू होतो, कारण अननसातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. रस पाच मिनिटं उकळून गार करून घेतला की ब्रोमेलेन मरतं आणि कडवटपणा येत नाही.

अजून एक सांगायलाच पाहिजे. बऱ्याच मॉकटेलच्या रेसिपीत दोन थेंब बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) घाला असं लिहिलेलं असतं. अंगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. थेंबच जातात हे खरं, पण घरात कुणी अजिबात न घेणारं असेल, वारकरी असेल, गरोदर मुलगी असेल, लहान मुलं असतील, तर त्यांना न सांगता घालायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कडवटपणा पाहिजेच असेल तर मोसंबीच्या सालीचा वरचा हिरवा-पिवळा भाग सालांच्या पाण्यात शेवटची दोन मिनिटं टाका, मस्त कडसर वास येतो.

वाढायला लग्नातलं ओगराळं काढा, छोट्या पळीने पंचवीस ग्लास भरता भरता हात दुखतो. ग्लास स्टीलचे असले तरी काही बिघडत नाही, उलट ते गार जास्त लागतात, फक्त मग रंग दिसत नाही म्हणून मी पहिल्या खेपेला काचेचे काढते.

उरला तर (फार उरत नाही) सोडा घातलेला टाकून द्या, तो दुसऱ्या दिवशी मेलेला असतो. बिनसोड्याचा असेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर रात्रभर राहिला तर मे महिन्याच्या उकाड्यात अननसाचा रस आंबायला लागतो, म्हणजे जी दारू टाळायला एवढी काळजी घेतली तीच व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुल्फीच्या साच्यात नाहीतर लांबट पिशव्यांत भरून फ्रीजरला टाका, संध्याकाळी पोरांना पेप्सी म्हणून द्या, आल्यामुळे जीभ चुरचुरते पण ती मागून मागून खातात.