बॅटरी गेली म्हणाले, निघालं भलतंच : पावसाळ्यानंतर ई-सायकलचं मेंटेनन्स, माझा अनुभव

माझी पॅडल असिस्टवाली सायकल आहे, म्हणजे पॅडल मारलं की मोटर साथ देते, मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर, 36 व्होल्टची बॅटरी, ताशी 25 किमीच्या वर मोटर साथ देत नाही त्यामुळे लायसन्स, नंबरप्लेट काही लागत नाही. माहीमहून वरळीला ऑफिस, रोजचे जाऊन-येऊन 12-13 किमी, येताना सी-फेसवरून. पावसाळ्यात भरतीच्या वेळी तिथे लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, आणि ते पाणी खारं असतं हे मी पहिल्या वर्षी लक्षातच घेतलं नाही. पावसात भिजली की धुतली गेली असं समजून तशीच पार्किंगला लावायचे.

सप्टेंबरमध्ये मोटर मधेच बंद पडायला लागली. दोन मिनिटं चालू, मग एकदम गप्प, परत चालू. दुकानात नेली तर त्यांनी उघडूनही न बघता बॅटरी गेली, नवीन टाका म्हणून सांगितलं. बॅटरी म्हणजे सायकलमधला सगळ्यात महाग पार्ट, दोन रात्री मला झोप नाही.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, रिटायर्ड वायरमन. ते मीटर घेऊन आले, फुल चार्जवर 41.6 व्होल्ट दाखवले, 36 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की 42 दाखवते, म्हणजे ठीकच. पण म्हणाले, "अगं नुसते व्होल्ट बघून भागत नाही, लोडवर किती पडतात ते बघ, चढावर ने." डिस्प्लेवर व्होल्ट दिसतात म्हणून टिळक ब्रिजवर चढवली, मोटर चालू असताना 39 पर्यंत उतरले आणि वर पोचल्यावर लगेच सावरले. बॅटरी चांगली होती.

मग दोष सापडला तो ब्रेकच्या लिव्हरमध्ये! ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून लिव्हरमध्ये कट-ऑफचा स्विच असतो, आणि मिठाने, मातीने उजवा लिव्हर जाम होऊन पूर्ण मागे येतच नव्हता, मोटरला वाटायचं मी ब्रेक धरलाय. बोटाने लिव्हर पुढे ढकलला की मोटर चालू. लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तो पिव्होट साफ करून एक थेंब ऑइल टाकलं, एवढंच. म्हणून सांगते, मोटर बंद पडली तर आधी दोन्ही लिव्हर पुढे ढकलून बघा, मग दुकानात जा.

तेव्हापासून मी दर रविवारी तासभर काढते. आधी बॅटरी काढून घरात ठेवायची, मग ओल्या फडक्याने गोड्या पाण्याने पुसायची, प्रेशरचा पाईप अजिबात नाही, कारण मोटरच्या आणि डिस्प्लेच्या जोडात पाणी शिरतं. मोटरच्या वायरचा कनेक्टर महिन्यातून एकदा सरळ ओढून काढते, पिळायचा नाही, आतल्या पिना वाकतात. दोन्ही बाजूंना बाण असतात, ते समोरासमोर आणूनच परत दाबायचा. मला पहिल्यांदा आत हिरवट थर दिसला होता.

चेन मोजायची ही गोष्ट मला कुणी आधी सांगितलीच नव्हती. साधी पट्टी घ्यायची, 24 कड्या (आतली एक, बाहेरची एक अशा मोजून) बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत, 1/16 इंच वाढली की चेन बदलायची, 1/8 पर्यंत थांबलात तर मागचे दातेही खाल्ले जातात आणि मग दोन्हीचा खर्च. माझ्यासारख्या ई-सायकलला मोटरचं वजन मागच्या चाकात असतं त्यामुळे आरे पण लवकर सैल होतात, माझा एक तुटला तेव्हा कळलं. दादरच्या एका जुन्या मिस्त्रींनी सगळे आरे आवळून चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून दिला आणि दर दोन महिन्यांनी आणत जा म्हणाले. ते मी पाळते.

चार्जिंगचं म्हणाल तर रोज 80 टक्क्यांपर्यंत, आल्या आल्या लावत नाही, अर्धा तास थंड होऊ देते, पोर्ट ओला असेल तर आधी पूर्ण सुकवते, आणि रात्रभर तर कधीच लावून ठेवत नाही. गणपतीला गावी दहा दिवस गेले तेव्हा अर्धी चार्ज करून ठेवली होती, आले तशीच सापडली.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळं उघडून केलं, ब्रेक पॅड एक मिलिमीटरच्या खाली गेले होते ते बदलले, मागच्या एक्सलचे नट आवळले. दुसऱ्या दिवशी आईने झेंडूचा हार हँडलला बांधला, हळदकुंकू लावायला पुढच्या चाकाकडे वळली तेव्हा तिला सांगितलं, आई चेनगार्डला लाव, डिस्कला नको, तेलकट बोट लागलं तर ब्रेक धरत नाही.