कांदिल्लीच्या वळणावरची दोन मिनिटं

इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीतून मी अकरा वेळा गेलोय, पण दोन्ही किनारे डोळ्यांनी पाहिलेत ते दोनदाच. सेकंड इंजिनियरची सामुद्रधुनी म्हणजे इंजिन कंट्रोल रूमच्या काचेला चिकटवलेली चार्टची झेरॉक्स. ब्रिजवरून फोन येतो, ‘येनीकोय पास’. मी पेनाने खूण करून वेळ लिहितो. वर मशिदी, वाडे, माणसांनी भरलेल्या फेरी असतात. खाली माझ्यासमोर तापमानं आणि दाब.

त्या खेपेला रोमानियातल्या कॉन्स्टान्झाहून मका भरून दक्षिणेकडे निघालो होतो. १९० मीटरचं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज. धुक्यामुळे वाहतूक बंद, म्हणून उत्तर तोंडाशी तुर्केलीला दोन दिवस नांगरावर. दुसऱ्या संध्याकाळी बडे साब, म्हणजे आमचे चीफ इंजिनियर, डेकवर आले आणि धुक्यातून जरा दिसणाऱ्या दीपगृहाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘तिथे ते खडक आहेत बघ.’ दापोलीकडचा माणूस, आम्ही दोघंच असलो की मराठीत बोलायचे. ग्रीकांची गोष्ट त्यांना पाठ. या तोंडाशी दोन खडक एकमेकांवर आदळत, मधे सापडलेलं जहाज चिरडून जाई. जेसनला आंधळ्या फिनियसने सांगितलं, आधी कबुतर सोड. कबुतर निसटलं, शेपटीची पिसं तेवढी गेली. खडक मागे सरकताच वल्ही मारून त्याचं जहाज ‘आर्गो’ पार झालं, त्याच्या मागच्या टोकाचा एक तुकडा गेला. तेव्हापासून खडक जागीच. बॉस्फरस हे नावही तिथलंच, गाईचा उतार. झ्यूसच्या प्रेमातली आयो गाय झाली आणि त्याच्या बायकोने, हेराने, मागे लावलेल्या गोमाशीने पिसाळून इथून पलीकडे गेली.

पहाटे धुकं उठलं, आमचा नंबर लागला, जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक पायलट चढला. १९३६च्या माँत्रो करारामुळे व्यापारी जहाजांना इथून जायची मोकळीक आहे आणि पायलट घेणं सक्तीचं नाही. तरीही इथे पायलट न घेता जाणारा कप्तान मला कधी कळलेला नाही. लांबी ३१ किलोमीटर, अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर. येनीकोयला ८० अंशांचं वळण, पुढे कांदिल्लीला ४५ अंशांचं, आणि तेही सगळ्यात चिंचोळ्या जागी, जिथे पलीकडून येणारं जहाज वेळेवर दिसत नाही. उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५२ साली रुमेली हिसारी किल्ला नेमका तिथेच चार-साडेचार महिन्यांत उभा केला. न थांबणारं एक व्हेनिसचं जहाज त्याच वर्षी तोफेने बुडवलं. किल्ल्याचं जुनं नाव बोआझकेसेन. तुर्कीत बोआझ म्हणजे सामुद्रधुनी आणि घसाही, म्हणजे घसा कापणारा.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथे वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे धावतं, तीन-चार नॉटने, कधी त्याहून जोरात. खालचं जास्त खारं, जड पाणी उलट दिशेला जातं. मार्सिली नावाच्या इटालियन तरुणाने १६७९-८०च्या सुमारास वजन बांधलेल्या दोरीला पांढरे बुचाचे तुकडे लावून ही खालची धार पाहिली, आणि स्थानिक मच्छीमारांना ती आधीपासून ठाऊक होती. दक्षिणेकडे जाताना हा वरचा प्रवाह तुमच्या पाठीत असतो. जहाज वेगाने चाललेलं दिसतं, पण सुकाणूवर पाणी पडतं ते पंख्याचं, म्हणजे प्रॉपेलरचं. पंखा मंदावला तर प्रवाह ढकलतच राहतो आणि सुकाणू निकामी होतं. म्हणून इथे इंजिन मंद होणं हे बंद पडण्याच्या जवळजवळ बरोबरीचं. ७ एप्रिल २०१८ला व्हिटास्पिरिट हे २२५ मीटरचं जहाज इंजिन गेल्यामुळे आनाडोलू हिसारीजवळच्या जुन्या वाड्यात घुसलं होतं. ते चित्र आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय.

दोन जनरेटर एकत्र चालू, सुकाणूचे दोन्ही पंप चालू, चार साब, म्हणजे फोर्थ इंजिनियर, सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत, सारंग नांगरापाशी. येनीकोय व्यवस्थित पार झालं. कानलीजाच्या अलीकडे यंत्रं थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा दाब २ बारवरून १.६वर आला. मग १.३. तीन साबने, म्हणजे थर्ड इंजिनियरने, झटक्यात दुसरा पंप लावला. ही नव्या मुलांची सवय मला मुळीच पटत नाही. दाब उतरला की पंप वाढव. आधी पंपाच्या ओढीचा दाब दाखवणारा सक्शन गेज बघायचा! सुई व्हॅक्यूममध्ये गेली होती. म्हणजे पंप चांगला आहे, त्याचा घसा कोणीतरी धरलाय. दुसरा पंप लावून आपण त्याच अडलेल्या नळीतून दुप्पट जोराने श्वास ओढत होतो.

धावत खाली गेलो. समुद्राचं पाणी आत घ्यायच्या पेट्या, म्हणजे सी चेस्ट, दोन असतात, वरची हाय आणि खालची लो. बंदरात गाळ नको म्हणून हाय, बाहेर पडलं की लो. निघतानाच्या चेकलिस्टवर ‘लो सी चेस्टवर बदललं’ यापुढे टिक होती. खाली हायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, लोचा बंद. जेलीफिशचे थवे वरच्या थरात असतात आणि आम्ही त्याच थरातून पाणी ओढत होतो. ती टिक तीन साबची. तिच्याखालची सही माझी. मी व्हॉल्व्ह पाहिला नव्हता, टिक पाहिली होती.

लोचा व्हॉल्व्ह नुसता उघडून भागत नाही. त्याचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, नांगरावर असताना साफ केला होता, म्हणजे आत हवा. ती न काढता जोडला असता तर पंपाने हवा गिळून पाणी ओढणंच सोडलं असतं. मग कूलिंग संपलं, जनरेटर ट्रिप, सगळं अंधारात आणि सुकाणू मेलेलं. मी तेलवाल्याला चाक धरायला लावलं, एअर कॉक उघडला. फुस्स करून हवा, मग फेसाळ पाणी, मग पुन्हा हवा. कानाजवळ अलार्म वाजत होता आणि मी बोटाएवढ्या त्या नळीकडे बघत उभा होतो. संथ, फुटणारी धार सलग व्हायची वाट बघत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याहून लांब मिनिट आठवत नाही. धार सलग झाली, लो उघडला, हाय बंद केला. गेज हलला.

वर आलो तेव्हा मेन इंजिनच्या वंगणाच्या तेलाचं तापमान ५९. आमच्या इंजिनला ६०वर स्लो-डाउन, म्हणजे इंजिन आपोआप मंदावतं. पॅनलवर पूर्वसूचनेचा दिवा लुकलुकत होता आणि बडे साबांचं बोट कॅन्सलच्या बटणावर होतं. दाबलं. स्लो-डाउन इंजिन वाचवायला असतो, पण त्या जागी वाचवायचं इंजिन नव्हतं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या गोष्टीची. तेवढ्यात फोन वाजला. कप्तान विचारत होते, इंजिन ठीक ना? बडे साब म्हणाले, ‘ऑल ओके, कॅप्टन.’

आम्ही कांदिल्लीच्या वळणात होतो. तापमान ६१ला गेलं, तिथे थबकलं आणि उतरू लागलं. ६०, ५८, ५५. सगळं मिळून दोन मिनिटं.

‘जा वर, जरा हवा खा,’ ते म्हणाले. डेकवर गेलो तेव्हा डाव्या हाताला किझ कुलेसी होतं, पाण्यातलं एकटं बुरुजासारखं मनोऱ्याचं घर. सर्पदंशाने मुलगी मरेल या भाकितापायी बापाने तिला तिथे ठेवलं आणि साप फळांच्या टोपलीतून आला. आमच्याकडे तक्षक बोरातली अळी होऊन परीक्षिताच्या एकखांबी महालात शिरला, तीच गोष्ट. पुढे हैदरपाशा. १९७९मध्ये तिथे इंडिपेंडेन्टा टँकर टकरीनंतर पेटला, ४०हून जास्त खलाशी गेले. माझा बॉयलर सूट पाठीला चिकटलेला होता आणि फेरीतली मुलं आमच्याकडे बघून हात हलवत होती.

मार्मारात नांगर पडल्यावर मी विचारलं, ‘बडे साब, कप्तानला सांगायला हवं होतं ना?’

‘सांगितलं असतं तर पायलटने काय केलं असतं? नांगर? खाली शंभर मीटर पाणी, मागे दुसरं जहाज. वळणात माणसाचं लक्ष विचलित करायचं नसतं.’

‘पण त्याला ओढणारी बोट, टग, जवळ बोलावता आला असता. फेरी थांबवता आल्या असत्या.’

‘दोन मिनिटांत?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नीटसं नाही. माझं मत असं की पायलटला ते कळायला हवं होतं. जहाज त्याच्या हाती होतं आणि काठावरच्या माणसांचा हिशेब त्याला करायचा होता, आम्हाला नाही. पण हेही खरं की फोन मी घेतला असता तर काय बोललो असतो ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कारण ‘ओके नाही’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘का’ असतो, आणि त्याचं उत्तर माझ्या सहीखाली होतं.

लॉगबुकात एवढंच आहे: समुद्राच्या पाण्याचा दाब कमी, लो सी चेस्टवर बदललं, सामान्य. संध्याकाळी हायचा स्ट्रेनर उघडला. टोपलीभर जेलीफिश, काठोकाठ, दाबून थापलेल्या. चार बादल्या भरल्या. बडे साबांना दाखवायला बोलावलं, ते जेवून तासाभराने खाली उतरले. तोवर बादल्यांत बरंचसं नुसतं पाणी झालं होतं.