हा रंग आपला नाही

रात्रीचे दीड वाजले, झोप लागत नाही. परवा संक्रांत, गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, भरला की आमच्या चादरींची वेबसाइट सुरू करायची हे मीच ठरवलेलं. साइटचं नाव, तिच्या सुरक्षिततेचं एसएसएल, सगळं झालं, पेमेंटलाही एक रुपया टाकून बघितला, गेला. म्हणून जेवताना नानांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पहिल्याच चादरीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, बघत राहिले आणि म्हणाले, "हा रंग आपला नाही गं." मग कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणीवर तेल मागितलं.

तेवढंच बोलले. पण आपला नाही म्हणजे काय? चार महिने कारखान्याचा हिशोब उरकून रात्री बसतेय, या घरात कुणी विचारलं नाही काय करायलीस म्हणून. दादाचं तर जाऊ दे. आमच्याविषयीच्या पानावर मी जॅकार्डचं लिहिलंय, फ्रान्समध्ये १८०४ साली निघालेलं यंत्र, पुठ्ठ्याला भोक असलं की सुई आत जाते आणि धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो, चादरीवरचा मोर असा भोकाभोकानं येतो. सोलापुरी चादरीच्या जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचंही लिहिलं. ते पान त्यांनी उघडलंसुद्धा नाही. रंग तेवढा बघितला.

मग मी पण हट्टाला पेटले. अकरापासून तोच फोटो घेऊन बसले, लाल कमी कर, पिवळा वाढव, स्क्रीनवर १ कोटी ६७ लाख रंग उमटतात आणि त्यातला एक डाळिंबी मला सापडेना, कधी राणी व्हायचा कधी विटकरी. अम्माच्या फोनवर टाकून बघितला तर तिथं तिसराच. रडूच आलं खरं तर.

शेवटी उठून कपाटातली चादर काढून फोटोशेजारी धरली. नाही तो रंग. नाना बरोबर बोलले. मी फोटो काढलेले रात्री, वरच्या खोलीत ट्यूबलाइटखाली, आणि तसल्या उजेडात कॅमेरा पांढरा कुठला ते स्वतःच ठरवतो, तिथं चुकला की बाकीचे सगळे रंग त्याच्या मागं सरकतात. नाना रंगवलेल्या सुताची लडी कधी आत बसून बघत नाहीत. दारात उन्हाला नेतात, बोटाला पीळ देऊन धरतात, आणि ओली असली तर नाहीच बघत, वाळू दे म्हणतात, ओलं सूत गडद दिसतं. लहानपणापासून बघतेय मी हे.

बाकी सगळ्यांनी मस्त झालंय म्हणून फोन परत दिला होता. नानांनी मोठा करून बघितला. व्यापाऱ्याकडं जाणारा गठ्ठा बांधायच्या आधी बघतात ना, तसं. हे मला जेवताना कळलं असतं तर ताट ठेवून उठले नसते.

प्रत्येक फोनवर थोडा फरक राहणारच, त्याला इलाज नाही, तसं फोटोखाली लिहिते. वजन पण टाकायचं राहिलंय, गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. सगळे फोटो परत काढायचे म्हणजे संक्रांत हुकते, हुकू दे, गड्डा काय एका दिवसात उठत नाही. सकाळी दहाला कारखान्याच्या दारात सावलीच्या कडेला चादर धरायला नानांनाच उभं करणार, त्यांचा पांढरा सदरा बाजूला दिसला की पांढरा कुठला ते कॅमेऱ्याला कळेल.