गुरुजींची गाडी आणि युरियाचे बत्तासे

गुरुजी त्यांची डिझेल गाडी माझ्या गॅरेजवर घेऊन आले तेव्हा मीटरवर लिहिलेलं होतं की आणखी २१० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. शेजारी युरियाचा पिवळा दिवा. गुरुजी म्हणजे माझे सातवीचे गणिताचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मला अजून अरे-तुरे करतात आणि मीही हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो.

"नव्या गाडीचं काम तुला जमेल की नाही म्हणून आधी नागपूरला नेली होती," ते तोंडावर म्हणाले. आमच्या हिंगणघाटहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. तिथल्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, कोड निघाला पी२०ईई, आणि सायलेन्सरच्या मागच्या टोकाचा नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे घातक ऑक्साइड) मोजणारा सेन्सर बदलून दिला. बिल ३८ हजार. वीस दिवसांनी दिवा परत. मग दुसऱ्या एकाने सांगितलं, "युरियाची सिस्टिमच बंद करून देतो, झंझटच नको." तेव्हा गुरुजींना मी आठवलो.

आधी तो कोड. पी२०ईईचा अर्थ एवढाच की एससीआरचा डबा, म्हणजे सायलेन्सरमधला धूर साफ करणारा डबा, धुरातला नॉक्स जेवढा कमी करायला हवा तेवढा करत नाही. हे सांगतो कोण? मागचा सेन्सर. म्हणजे ज्याने खरी साक्ष दिली त्यालाच पहिल्या झटक्यात घरी बसवलं. सेन्सर कधी बिघडत नाही असं नाही, भरपूर बिघडतात. पण हा कोड आल्याबरोबर सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. गुरुजी शाळेत सांगायचे, उत्तराला एक मार्क, रीतीला चार. तर रीत लिहितो.

आमच्याकडे सगळे त्याला युरियाच म्हणतात. कागदावर डीईएफ, डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. टाकीतला पंप तो द्रव दाबाने पुढे पाठवतो, सायलेन्सरच्या पाइपवर बसवलेला डोझर तो गरम धुरात फवारतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या डब्यात अमोनिया आणि नॉक्स मिळून साधा नायट्रोजन आणि पाणी तयार होतं. हे सगळं बीएस ६ या धुराच्या सरकारी नियमांमुळे आलं. प्रवासी डिझेल गाडीला बीएस ४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम नॉक्स चालायचा, १ एप्रिल २०२० पासून ०.०८. सगळ्या गाड्यांना युरिया लागत नाही, पण वजनदार सात सीटर म्हटली की बहुतेक लागतो.

पहिला संशय युरियावरच. मे महिना, पारा ४५. आमच्या बाजारात युरियाच्या बादल्या टिनाच्या शेडखाली नाहीतर सरळ उन्हात रचून ठेवलेल्या असतात. हा माल ३० अंशांत ठेवला तर वर्षभर टिकतो, ३५ अंशांत सहा महिने, आणि त्यावर तर काही भरवसाच नाही. म्हणून टाकीतून थोडा काचेच्या ग्लासात काढला. पाण्यासारखा स्वच्छ, वर डिझेलचा तवंग नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकले, बरोबर ३२.५.

एक सांगून ठेवतो, रिफ्रॅक्टोमीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो. काय विरघळलंय ते नाही. मागच्या वर्षी एक कापसाचे शेतकरी त्यांची जीप घेऊन आले होते. त्यांचं गणित सरळ होतं: घरात ४५ किलोचं पोतं २६६ रुपयांचं, मग बादलीला हजारावर रुपये कशाला? बोअरच्या पाण्यात शेतीचा युरिया कालवून टाकीत भरला. त्या पोत्यावरच "नीम कोटेड" लिहिलेलं असतं. २०१५ पासून शेतीचा सगळाच युरिया कडुनिंबाच्या तेलाचा थर देऊन येतो, तो कारखान्यात वळू नये हाही त्यात हेतू. त्यात आमचं बोअरचं पाणी, ज्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा ठीक दिसला असता, पण फिल्टर, पंप, डोझर सगळं गेलं. "युरिया तो युरियाच ना बाप्पा," ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

गुरुजींनी मात्र पावती जपून ठेवली होती, बादलीवरची उत्पादनाची तारीखसुद्धा वहीत लिहिलेली. युरिया सुटला.

मग गाडी हायवेवर काढली. पोराला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे कळत नाही, कारण धूर २०० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय डोझर फवारतच नाही आणि सेन्सरही तापल्याशिवाय आकडा देत नाही. ८०च्या वेगाने अर्धा तास गेल्यावर पोरगा नॉक्सचे आकडे वाचायला लागला. डब्याच्या आधी ४१०, डब्यानंतर ३७०. डबा काम करत असेल तर मागचा आकडा कुठच्या कुठे पडायला हवा. म्हणजे एकतर डबा मेला, नाहीतर डब्याला अमोनियाच मिळत नाही. डबा सगळ्यात महाग, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

परत आल्यावर पंप. स्कॅनरवरून दाब बनवायला सांगितला, पाच बारवर जाऊन काटा स्थिर उभा राहिला. टाकी, पंप, नळी ठीक.

राहिला डोझर. त्याचे बोल्ट सोडून पाइपवरून उतरवला, नळी आणि कनेक्टर तसाच ठेवला, आणि तोंड मापाच्या ग्लासात सोडून स्कॅनरवरून फवारणीची चाचणी लावली. ही चाचणी करायला पंधरा मिनिटं लागतात आणि एक पैसा लागत नाही. नागपूरला ही केली असती तर ३८ हजार वाचले असते. या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ५० मिली यायला हवं होतं. आलं ९ मिली. तेही धुक्यासारखं नाही, कडेने गळणाऱ्या नळासारखं. तोंडावर पांढरं काहीतरी साचलेलं, हुबेहूब बत्तासा. पाणी उडून जातं, युरिया मागे राहतो, त्यावर पुढचा थर.

हे साफ करायला गरम डिस्टिल्ड वॉटर लागतं, बाकी काही नाही. युरिया पाण्यात विरघळतो. पेट्रोलमध्ये, डिझेलमध्ये, ब्रेक क्लीनरमध्ये नाही. तार घालून भोक मोकळं करणारे पाहिले आहेत मी, फवाऱ्याचं भोक मोठं झालं की डोझर भंगारात. बत्तासा राखाडी आणि दगडासारखा कडक झाला असेल तर मात्र पाणीही हात टेकतं, कारण तो मग नुसता युरिया राहिलेला नसतो, अर्धवट उष्णतेने त्याचं दुसरंच काही झालेलं असतं. गुरुजींचा पांढरा होता. रात्रभर भिजवला, कनेक्टरच्या पिनाही पुसल्या (युरिया वायरच्या आतून चढतो आणि तांबं खातो), नवीन गॅस्केट टाकून बसवण्याआधी पुन्हा मोजलं. ४८ मिली.

परत हायवे. चाळीस मिनिटांनी मागचा आकडा ३०च्या खाली. नुसता कोड पुसून मीटरवरची धमकी जात नाही, गाडीला स्वतः चाचणी घेऊन पास व्हावं लागतं. ती पास झाली, मजकूर गेला.

गुरुजींनी विचारलं, "कारण?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "गुरुजी, तुम्ही घर ते शेत सहा किलोमीटर जाता. सायलेन्सर तापायच्या आत गाडी बंद. युरियाचा अमोनिया होत नाही, साचून राहतो. आठवड्यातून एकदा तरी हायवेला अर्धा तास पळवा." यात खोटं काही नव्हतं. साडेतीन हजार घेतले.

बरोबर सव्वा महिन्याने गुरुजी परत. दिवा परत. सोबत वही, त्यात दर रविवारी हायवेवरच्या जाम गावापर्यंत जाऊन आल्याची नोंद, तारीख-वेळेसकट. "तुझी रीत बरोबर असेल," म्हणाले, "पण उदाहरण चुकलंय."

डोझर काढला. बत्तासा.

यावेळी खरंच घाम फुटला. डबा, सेन्सर, पंप सगळं आधीच तपासलेलं. गाडीत बसून उगाच मीटरकडे पाहत होतो, तर घड्याळ दिसलं. १२:२४. बाहेर संध्याकाळचे पाच. पहिल्यांदा गाडी आली तेव्हाही घड्याळ चुकलेलं पाहिलं होतं, बाराच्या पुढचंच काहीतरी, तेव्हा सकाळ होती. म्हातारा माणूस, घड्याळ लावता येत नसेल, असं मनात म्हणून सोडून दिलं होतं. ज्याने आम्हाला घड्याळाच्या काट्यांमधला कोन काढायला शिकवला त्याच्याबद्दल.

दोन्ही वेळेस बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं. गुरुजींच्या घरून माझ्या गॅरेजला यायला तेवढाच वेळ लागतो.

"गुरुजी, घरी गेल्यावर गाडी बंद कशी करता? करून दाखवा."

त्यांनी इंजिन सुरू केलं, बंद केलं, किल्ली काढली, बॉनेट उघडलं, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरची हिरवी गोल मूठ उलटी फिरवली. "तूच तर सांगितलंस," ते म्हणाले. "न चुकता करतो."

खरं आहे. मीच सांगितलं होतं. मूठही मीच बसवली होती. आदल्या वर्षी गुरुजी मुलाकडे पुण्याला दीड महिना राहून आले, बॅटरी उतरली, गाडी सेल घेईना. टाटा ४०७ला, जुन्या जीपला, ट्रॅक्टरला बसवत आलो तसा दोनशे रुपयांचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा खटका, लावून दिला. त्या गाड्यांना काही होत नाही.

या गाडीला होतं. इंजिन बंद केल्यावर बॉनेटजवळ नाही, टाकीजवळ कान लावा, घूं घूं आवाज येतो. तो बिघाड नाही. पंप नळीतला आणि डोझरमधला युरिया उलटा ओढून टाकीत परत नेत असतो. मिनिट-दीड मिनिटाचं काम. थंड देशात तो नळीत राहून गोठू नये म्हणून (उणे ११ला गोठतो), आणि आपल्याकडे तो तापलेल्या पाइपवर शिजू नये म्हणून. गुरुजी शिस्तीचे. किल्ली काढल्यापासून वीस सेकंदांत मूठ फिरवायचे. पंपाची वीजच जायची (आणि मूठ परत बसवली की घड्याळ बारापासून सुरू). डोझरच्या तोंडात भरलेला युरिया तिथेच, खाली तापून आलेला सायलेन्सर. पाणी उडालं, बत्तासा तयार. दिवसातून दोनदा, आठ महिने. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांनी हातभार लावला असेल, पण डोझर मीच बंद पाडला होता. आणि उपाय म्हणून त्यांना हायवेला पाठवत होतो, जिथून सायलेन्सर आणखी तापून घरी यायचा.

त्यांना हे सगळं सांगायला मला पाण्याचा एक ग्लास प्यावा लागला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग वही उघडून विचारलं, "उलटा ओढायला किती सेकंद म्हणालास?" ते लिहून घेतलं.

मूठ काढली. बॅटरीसाठी घराच्या पडवीत छोटा चार्जर लावून दिला, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तो जोडायचा. डोझर पुन्हा भिजवला, मोजला, बसवला. त्यानंतर आता पाच महिने झाले, दिवा नाही. ट्रकवाल्यांना ही गोष्ट माहीत असते, त्यांच्याकडे बॅटरीचा खटका कंपनीतूनच येतो आणि किती वेळ थांबून फिरवायचा ते शेजारी लिहिलेलं असतं. मी ते शंभरदा वाचलेलं आहे.

त्या "सिस्टिमच बंद करून देतो"वाल्याबद्दल लोक विचारतात म्हणून: मी ते करत नाही. पीयूसीत पकडले जाल असं खोटं सांगून घाबरवणार नाही, डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स नाही. पण ते बेकायदा आहे. आणि गुरुजींच्या गाडीत ते केलं असतं तर दोनशे रुपयांच्या माझ्या चुकीवर पांघरूण घालायला चांगली चालणारी यंत्रणा मारली असती.

दुसऱ्या वेळच्या कामाचे पैसे घेण्याचा प्रश्न नव्हता. गुरुजी गाडीत बसले, काच खाली केली, इंजिन सुरू करायच्या आधी म्हणाले, "आणि पहिल्या वेळचे साडेतीन हजार?"

मी गल्ल्यातून काढून दिले. त्यांनी मोजून घेतले.