पुठ्ठ्याच्या आड

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, वार बुधवार. मधल्याच वारी सुट्टी म्हणजे घरच्यांना सुट्टी आणि आपल्याला घरची ड्युटी, हे कुठल्याही नोकरीवाल्या बाईला विचारा. तरी कायद्यानेच पगारी सुट्टी आहे म्हणून, नाहीतर आमच्या साहेबांनी "जाता जाता मत टाका नि या" म्हणून मोकळं केलं असतं.

सातला सुरू होतं, डबे नाहीत तर लवकर उरकून टाकू म्हटलं, तर अख्ख्या गल्लीने हाच विचार केलेला. मोबाइल आत चालत नाही, त्यामुळे पुरुषांची लाइन कावरीबावरी होऊन भिंतीकडे बघत उभी आणि आमच्या लाइनीत लाडकी बहीणचे १५०० कुणाच्या खात्यात पडले, कुणाचे आधार लिंकमध्ये अडकले, एक म्हणतायत २१०० देऊ, दुसरे म्हणतायत ३००० देऊ, देतील तेव्हा खरं, अशी जोरदार चर्चा. पुढची मावशी म्हणाली, गॅसचं कुणी बोलत नाही बघ.

आत गेलं की पहिले साहेब यादीतलं पूर्ण नाव मोठ्याने वाचतात. एरवी मी आई, वहिनी, मॅडम, नाहीतर नुसतंच "अगं", आणि इथे एजंट लोक माझ्या नावावर टिक करतायत! १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं चालणार नाही. नियम म्हणून बरोबरच, पण त्या बायकांचं मत गेलं ते गेलंच.

मग शाई, सही, आणि पुठ्ठ्याच्या आड. निळं बटण दाबलं, लाल दिवा लागला, काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली, खाली पडली, लांबलचक बीप. अहो, घरी बाथरूमच्या दारावर पण टकटक होते, इथे मात्र सरकारने पुठ्ठा उभा करून दिलाय आणि कुणाची डोकावायची टाप नाही. मी ती चिठ्ठी अगदी शेवटपर्यंत बघितली. मागे लाइन होती, असू दे.

बाहेर आल्यावर नखावरची शाई आणखी काळी झाली, उन्हाने होते, सिल्व्हर नायट्रेट असतं त्यात. १९६२ पासून ही म्हैसूरच्याच कारखान्यातून येते. भांड्यांच्या घासणीने पण हलत नाही, आपला अनुभव.

घरी सासूबाई दारातच. "आपल्यालाच दिलंस ना गं?" मी म्हटलं, हो हो, आपल्यालाच. मग म्हटलं, आणि तुम्ही सकाळी कुणाला दिलंत? तर म्हणतात, "तुला काय करायचंय!"