मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

“मॅडम, मी तं वरून मीठ घेतच नाही.” बीपीच्या पेशंटला खाण्याचं विचारलं की बहुतेक हेच ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. वरून घेतलेलं दिसतं. कणकेतलं, लोणच्यातलं, पापडातलं दिसत नाही. पापडखारातही मिठातलंच, बीपी वाढवणारं सोडियम असतं.

म्हणून मी सोबत आलेल्या काकूंना आधी विचारते: मिठाचा किलोचा पुडा किती दिवस पुरतो? चार माणसांत महिनाभर, म्हणाल्या तर माणशी रोजचे 8 ग्रॅमच्या वर झाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचा, आणि त्यातच लोणचं-फरसाणही आलं. हा हिशेब कागदावर मांडला की काकू स्वतःच बोलायला लागतात.

नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानदार काकांसाठी घरी अळणी भाजी वेगळी काढायचे. “मी काय दवाखान्यात भरती हाय का?” म्हणत काकांनी ताट सरकवलं. मग ठरवलं, वेगळं काही शिजवायचं नाही. सगळ्यांच्याच कणकेतलं मीठ बंद. रस्स्यासोबत पोळी खाताना कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर भाजीतलं हळूहळू उतरवलं. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर घरच्यांनी धरायला हवा.

सावजी सोड, असं मी नागपूरकराला सांगत नाही. सांगितलं तर तो पुढच्या वेळी येणारच नाही. महिन्यातून एकदा, वाटीभर रस्सा, भाकरीसोबत. रोजच्या तर्री-पोह्यांवर मात्र मी अडून बसते: शेव-चिवडा नको, तर्री नावापुरती, कांदा-लिंबू हवा तेवढा.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की “उन्हात मीठ लागतंच” सुरू होतं. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचं वेगळं, त्याने डॉक्टरांना विचारावं. कूलरसमोर बसणाऱ्याने ताकात जिरेपूड-पुदिना घालावा. काळं मीठ, सैंधव हेही मीठच.

आणि ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर ते पोटॅशियम रक्तात वाढून हृदयाला धोका होऊ शकतो. पुडा घरी आणण्याआधी डॉक्टरांना विचाराच.